नकार द्यायचा तर लेखी द्या: इंदूरचा दवाखाना, ठाणं आणि कोर्ट

लैंगिक अत्याचार झालेल्या एका तरुण मुलीसोबत आम्ही काही जणी इंदूरच्या दवाखान्यात, पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जात होतो. तिची कोर्टातली साक्ष नुकतीच पूर्ण झाली. ‘पुढच्या मुलीला निदान काय मागायचं ते तरी कळेल, लिहा,’ असं तिनेच सांगितलं. तिची ओळख पटेल असं काही इथे नाही: वस्ती नाही, वर्ष नाही, आरोपीशी असलेलं नातं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ‘सावध राहा’ म्हणून नाव फिरवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

रविवारी संध्याकाळी ती आत्याकडे आली. घरात तेच झालं जे बहुतेक मराठी घरांत होतं: कोणी म्हणालं आधी आंघोळ कर, कोणी कपडे भिजवायला बादली काढली, कोणी म्हणालं उगाच बोभाटा नको. आत्याने बादली बाजूला सारली आणि आम्हाला फोन केला. आत्याच्या त्या एका कृतीचा पुढे फार उपयोग झाला.

पहिल्या रात्री ठाण्याआधी दवाखाना गाठावा, असं आमचं ठाम मत आहे. तक्रार करायची की नाही हे ती नंतरही ठरवू शकते. बलात्काराच्या तक्रारीला मुदत नाही. शरीराला मात्र मुदत आहे. एच.आय.व्ही. टाळण्याच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर तितकी बरी. स्वॅबचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात. आंघोळ झाली असेल, कपडे धुतले असतील, तरी जाच. त्याने तक्रार खोटी ठरत नाही. कपडे न धुता, ओले असतील तर सावलीत वाळवून, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहून बुरशी येते आणि डी.एन.ए. खराब होतो. आत्याने प्रत्येक कपडा वर्तमानपत्रात वेगळा गुंडाळून त्यावर पेनाने तारीख-वेळ लिहिली होती. तेच पुडके पुढे जप्तीत गेले.

कॅज्युअल्टीच्या खिडकीवर पहिलं वाक्य ऐकू आलं: ‘पहले थाने से लिखवा के लाओ.’ हे चूक आहे. पोलिसांच्या पत्राशिवाय तपासणी नाकारणाऱ्या सरकारी डॉक्टरांना सुप्रीम कोर्टाने २००० सालीच, कर्नाटकातल्या एका प्रकरणात, खडसावलं आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो की खासगी, प्रत्येक दवाखान्याने अशा स्त्रीवर लगेच आणि मोफत उपचार करायचे आहेत. न केल्यास न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद. हे वाद घालत सांगू नका. ड्यूटी डॉक्टरांचं नाव विचारा, वहीत लिहा आणि ‘आपण तपासणी नाकारत आहात, असं लिहून द्याल का?’ एवढंच विचारा. तासाभरात तिला आत घेतलं.

आत संमतीचे प्रश्न वेगवेगळे असतात: उपचार, तपासणी, नमुने, पोलिसांना कळवणं. प्रत्येकाला ती वेगळं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकते आणि मध्येच थांबा म्हणू शकते. ‘नाही’ म्हटल्याने उपचार थांबत नाहीत. तिला मोठ्या कागदावर उभं करून कपडे उतरवायला सांगितलं, तेव्हा ती घाबरली. अंगावरून पडणारे केस, माती, धागे त्या कागदावर गोळा करतात, हे आधी सांगितलं असतं तर घाबरली नसती. योनीत दोन बोटं घालून करतात त्या तपासणीला सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये अधिकारांचा भंग म्हटलं, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलं. छापील फॉर्ममध्ये त्याचा रकाना अजूनही दिसला तर तो भरू देऊ नका. अंगावर जखम नसणं याचा अर्थ काही घडलं नाही असा होत नाही, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. अहवालाची प्रत तिला मोफत मिळते. ती मागून घ्या आणि एम.एल.सी. (मेडिको-लीगल केस) नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आमच्या हातात आलेला पहिला सरकारी कागद तोच होता.

सोमवारी सकाळी ठाणं.

जाताना दोन प्रतींत आवेदन नेलं होतं, तिच्या शब्दांत, हिंदीत. कलमं लिहायची गरज नाही. तारीख, वेळ, जागा, त्याने नेमकं काय केलं, त्याचं नाव, कोणाला आधी सांगितलं, एम.एल.सी. नंबर, आणि शेवटी ‘एफ.आय.आर. नोंदवून प्रत द्यावी’ ही ओळ. आपल्या मध्य प्रदेशात अनेक ठाण्यांत ऊर्जा महिला डेस्क आहे. आधी तिथे जा. डेस्कवरच्या मॅडम बंदोबस्ताला गेलेल्या होत्या. अशा गुन्ह्याची माहिती महिला पोलीस अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, म्हणून आम्ही दुसऱ्या ठाण्यातून कोणाला बोलवा म्हणालो. दुपार उलटून गेली. पाणी, बिस्किटं, फोनचा चार्जर आणि एक दुपट्टा सोबत ठेवा. बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा झेलणं तिला सगळ्यात जड गेलं.

मग एकामागून एक तीन उत्तरं आली. ‘घटना हमारे क्षेत्र की नहीं है.’ त्यावर उत्तर: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवावीच लागते. ठाण्याच्या भाषेत याला ‘शून्य पर कायमी’ म्हणतात. हाच शब्द वापरा, लगेच समजतो. दुसरं: ‘पहले जाँच होगी.’ आधी चौकशीची सवलत १७३(३) मध्ये आहे खरी, पण फक्त तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांसाठी, तीही डी.एस.पी. (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने आणि १४ दिवसांच्या मर्यादेत. बलात्काराची किमान शिक्षाच दहा वर्षं आहे, तेव्हा इथे ती लागूच होत नाही. तिसरं सगळ्यात गोड आवाजात आलं: ‘आवेदन छोड़ जाइए, देख लेंगे.’ आवेदन म्हणजे एफ.आय.आर. नव्हे. हे घरच्यांना समजायला वेळ लागला, कारण त्यांना वाटलं काम झालं.

आमचं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं इथे आहे. ठाण्याने लावलेला उशीर पुढे कोर्टात तिच्या नावावर मांडला जातो. ‘इतके दिवस गप्प का होतीस?’ हा प्रश्न बचावपक्षाचा वकील विचारणारच. म्हणून नकार तोंडी राहू देऊ नका. लेखी नकार कोणी देत नाही, मग तो आपण तयार करायचा. आवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक नंबर मागा. दिलाच नाही, तर ठाण्याच्या फाटकाबाहेर येऊन लगेच कोणाला तरी मेसेज करा: किती वाजता आत गेलो, कोणाशी बोललो, छातीवरच्या पट्टीवर काय नाव होतं, काय म्हणाले. त्या मेसेजला वेळ लागलेली असते. त्याच संध्याकाळी तेच आवेदन ठाण्याला ई-मेल करा. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही आता माहिती देता येते. ती देणाऱ्याने तीन दिवसांत सही केली की नोंद व्हायला हवी.

आणखी एक कागद त्याच आठवड्यात द्या: ठाण्याच्या सी.सी.टी.व्ही.चं त्या दिवसाचं, त्या वेळेचं चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज. २ डिसेंबर २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं आहे आणि चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष ठेवायला सांगितलं आहे. अर्ज न देता बसलात तर पुढे ‘कॅमेरा बंद था’ हे उत्तर सोपं होतं.

ठाण्याने नोंद नाकारली की १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टाने कळवायचं असतं. इंदूरमध्ये डिसेंबर २०२१ पासून कमिशनर पद्धत आहे, म्हणून आपल्या झोनच्या डी.सी.पी.ना (पोलीस उपायुक्तांना). स्पीड पोस्ट केलं, पावती वहीला टाचली, पोच झाल्याचं पान छापून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मंगळवार, म्हणजे जनसुनवाई: अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात. तिथे तिला स्वतः जावं लागलं नाही. तिच्या सहीचं आवेदन घेऊन आत्या गेल्या. भरल्या हॉलमध्ये प्रकार मोठ्याने सांगू नका. ‘महिला संबंधी, गोपनीय’ असं पाकिटावर लिहा आणि अधिकाऱ्याच्या हातात द्या. १८१ वर सी.एम. हेल्पलाइनलाही तक्रार टाकली. तिथे एक धोका आहे: तक्रार एल-१, म्हणजे सर्वात खालच्या स्तरावर अनेकदा त्याच ठाण्याकडे उतरते आणि मग ठाण्यातून फोन येतो की ‘बंद करवा दो, काम हो जाएगा’. एफ.आय.आर. हातात आल्याशिवाय होकार देऊ नका. हे सगळं करूनही नोंद झाली नसती तर पुढचा दरवाजा मॅजिस्ट्रेटचा होता: १७५(३) खाली शपथपत्रासह अर्ज. डी.सी.पी.ना पाठवलेल्या पत्राची पावती नसेल तर तो अर्ज तिथेच अडतो.

गुरुवारी फोन आला आणि संध्याकाळी महिला सब-इन्स्पेक्टर घरी आल्या. तिचं बयान तिच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या जागी, जवळच्या माणसांसमोर घ्यायचं असतं. ठाण्यात बोलावलं तर हे आठवण करून द्या. या बाई शांत होत्या, त्यांनी घाई केली नाही. तरी मसुदा वाचताना आम्ही अडलो. ‘बुरी नीयत से हाथ पकड़ा, झूमाझटकी की’ एवढ्यावर मजकूर संपत होता. त्यावर न्याय संहितेचं कलम ७४ लागलं असतं, विनयभंगाचं. तिने जे सांगितलं होतं ते कलम ६३ च्या व्याख्येत, म्हणून ६४ मध्ये, म्हणजे बलात्कारात बसत होतं. त्या व्याख्येत बोटं, वस्तू, तोंड सगळं येतं. लाजेने किंवा सवयीने ते तपशील गाळले जातात आणि गुन्हाच लहान होतो. सही करण्याआधी तिने स्वतः दोन वाक्यं घालायला लावली. ती वाक्यं उच्चारताना तिचा आवाज कापत होता आणि आत्या तिचा हात धरून होत्या.

एफ.आय.आर.च्या छापील फॉर्ममध्ये उशिराच्या कारणाचा एक रकाना असतो. तो रिकामा राहतो किंवा ‘लोकलाज के कारण’ असं लिहिलं जातं. तिथे तिने लिहायला लावलं की सोमवारी अमुक वेळी ठाण्यात आवेदन घेऊन आले होते, नोंद झाली नाही, त्यानंतर डी.सी.पी.ना पोस्टाने कळवलं. मॅडमनी थोडा विचार केला, मग लिहिलं. हे एक वाक्य मिळवण्यासाठी लागेल तेवढा वेळ बसा.

एफ.आय.आर.ची प्रत मोफत आणि तिथल्या तिथे मिळते. पोलिसांच्या वेबसाइटवर ती शोधू नका; लैंगिक गुन्ह्यांच्या एफ.आय.आर. तिथे टाकल्या जात नाहीत, आणि तेच योग्य आहे.

मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल तर पोक्सो कायदा लागतो आणि बऱ्याच गोष्टी बदलतात: बयान घेणारे पोलीस गणवेशात नसावेत, बाल कल्याण समितीला २४ तासांत कळवायचं, मुलीसाठी सपोर्ट पर्सन मागता येतो.

मॅजिस्ट्रेटसमोरचं बयान (जुनं ‘एक सौ चौंसठ’, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८३) पुढच्या आठवड्यात झालं. शक्यतो महिला मॅजिस्ट्रेट असतात. आत ती एकटीच जाते. आधार कार्ड, पाणी, रुमाल एवढं जवळ पुरे. लिहून नेलेला कागद वाचायचा नसतो. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणावं, अंदाज सांगू नये. मराठीत बोलणं सोपं जात असेल तर आधीच सांगावं.

तिचा फोन पुराव्यासाठी घेतला गेला. जप्ती पत्रकाची प्रत घ्या, मॉडेल आणि आय.एम.ई.आय. नंबर तपासून पाहा, आणि डेटाची प्रत काढून झाल्यावर तो परत ताब्यात मिळण्याचा (सुपुर्दगीचा) अर्ज कोर्टात द्या, नाहीतर फोन वर्षानुवर्षं मालखान्यात, जप्त वस्तूंच्या कोठारात पडतो. आमच्याकडे तो अर्ज मोफत वकिलांनी केला. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणातून बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो, नंबर १५१००. एकूण खर्च झाला तो रिक्षा, फोटोकॉपी, नोटरी आणि पोस्ट यांचाच, काही हजारांत भागला. खरा खर्च बुडालेल्या मजुरीचा आणि रजांचा होता, आणि त्याची पावती कुठेच मिळत नाही.

तपासाला कायद्याने दोन महिने दिले आहेत. तपास करणाऱ्या (विवेचक) मॅडमना दर पंधरवड्याने लेखी विचारत राहिलो; प्रगती ९० दिवसांत कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ९० वर दुसऱ्याही कारणाने लक्ष ठेवा: तोवर चालान (आरोपपत्र) सादर झालं नाही तर अटकेतल्या आरोपीला जामीन मागण्याचा हक्कच मिळतो. एफ.एस.एल.चा (न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा) अहवाल आला नाही म्हणून चालान थांबवायचं कारण नाही, तो नंतर जोडता येतो. आणि पोलिसांनी खात्मा रिपोर्ट (प्रकरण बंद करण्याचा अहवाल) लावला, तर कोर्टाकडून तक्रारदाराला नोटीस यायला हवी. तेव्हा हरकत घेता येते.

जामिनाच्या पेशीला तिच्या वतीने वकील उभे राहिले. पीडितेला प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेतलं पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. इंदूरच्या लोकांना २०२० ची गोष्ट आठवत असेल: हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठाने विनयभंगाच्या आरोपीला, तक्रारदार बाईकडून राखी बांधून घेण्याच्या अटीवर जामीन दिला होता. १८ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाने ती अट रद्द केली आणि आरोपी व पीडितेची भेट घडवणाऱ्या, तडजोड सुचवणाऱ्या अटी घालू नयेत असं सांगितलं. आमच्या वकिलांनी तो निकाल छापून नेला होता.

भरपाईचा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली विधिक सेवा प्राधिकरणात होतो. त्यासाठी शिक्षा व्हावी लागत नाही, अंतरिम रक्कमही मागता येते. नाल्साच्या (राष्ट्रीय विधिक सेवा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या योजनेत बलात्कारासाठी किमान ४ लाख, कमाल ७ लाख आहेत. राज्याचं कोष्टक तिथे विचारून घ्या. खातं फक्त तिच्या नावाचं उघडा. कोणासोबत जोडखातं उघडलं तर पैशावर तिचा एकटीचा ताबा राहत नाही.

आता ज्या अधिकाऱ्याने सोमवारी परत पाठवलं त्याच्याविषयी. न्याय संहितेचं कलम १९९ सांगतं की अशा गुन्ह्याची माहिती न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं सश्रम कैद. त्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ च्या स्पष्टीकरणात आहे. मात्र कर्तव्याच्या ओघातल्या गोष्टीसाठी मॅजिस्ट्रेट तपासाचा आदेश देण्याआधी वरिष्ठांचा अहवाल मागवतात आणि त्या अधिकाऱ्याचं म्हणणं पाहतात, म्हणून वेळ लागतो. आधी डी.सी.पी.ना अर्ज दिला. उत्तर आलं: संबंधित कर्मचाऱ्याला लाइन अटॅच केलं आहे, म्हणजे ठाण्यातून काढून पोलीस लाइनमध्ये पाठवलं आहे. घरच्यांना आनंद झाला, पण लाइन अटॅच ही शिक्षा नाही; काही दिवसांनी तो माणूस दुसऱ्या ठाण्यात दिसतो. विभागीय चौकशी सुरू झाली का, तिचा आदेश क्रमांक काय, निर्णय काय, हे १० रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जाने विचारा. तपासाची कागदपत्रं मागाल तर त्या कायद्याचं कलम ८(१)(एच) दाखवून नाकारतील. म्हणून ‘माझ्या अमुक तारखेच्या आवेदनावर काय कारवाई झाली’ आणि ‘रोजनामचा सान्ह्यात (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) त्या दिवशी त्याची नोंद आहे का’ असे तुकडे पाडून विचारा. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पहिलं अपील.

साक्ष बंद दाराआड झाली. आरोपी समोर दिसू नये म्हणून पडद्याचा अर्ज आधीच दिला होता. आदल्या दिवशी सरकारी वकिलांनी तिला तिचं बयान वाचायला दिलं. हे मागावं लागतं. तिच्या आधीच्या संबंधांवर प्रश्न विचारायला साक्ष्य अधिनियम मनाई करतो, तरी आडून प्रयत्न झालाच. जजबाईंनी तो प्रश्न थांबवला. मग अपेक्षित प्रश्न आला: रविवारची घटना आणि गुरुवारी रिपोर्ट, मधले दिवस काय करत होतीस? तिने उशिराच्या रकान्याचा हवाला दिला, वकिलांनी एम.एल.सी.ची तारीख, आवेदनाचा ई-मेल आणि पोस्टाची पावती पुढे ठेवली. तो मुद्दा तिथेच संपला. बाहेर आल्यावर ती पायरीवर बसून खूप रडली, आणि आम्ही तिला थांबवलं नाही. साक्षीच्या दिवसासोबत दुसरा दिवसही मोकळा ठेवा. त्या दिवशी कोणाचेही फोन घेऊ देऊ नका.

खटला अजून चालू आहे. माहितीच्या उत्तरात विभागीय चौकशीत ‘निंदा’, म्हणजे लेखी ताशेरा, एवढीच शिक्षा दिल्याचं कळलं. तिला ते मान्य नाही, म्हणून १९९ खालचा अर्ज तिने मॅजिस्ट्रेटकडे दिला आहे. सी.सी.टी.व्ही.चं चित्रण जपण्याच्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत त्याला जोडली आहे, आणि कोर्टाने डी.सी.पी.ंकडून अहवाल मागवला आहे.